नमुना नको, कागद आणा : मृत्युपत्राविषयी वाचकांचे प्रश्न

मृत्युपत्र, वारसाहक्क आणि वाटणी या विषयांवर या वेळी जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटी एकच विनंती आहे : "मृत्युपत्राचा एखादा छापील नमुना द्यावा, नावे आम्ही भरून घेऊ." ही विनंती मी मान्य करणार नाही. मृत्युपत्राचा मजकूर लिहिणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कोऱ्या कागदावर, साध्या मराठीत, अर्ध्या पानात लिहिलेले मृत्युपत्रही कायद्याने पूर्ण असू शकते आणि त्याला मुद्रांकही लागत नाही. अवघड काम त्याच्या आधीचे असते. जे द्यायला आपण निघालो आहोत ते आपले आहे काय, आणि असल्यास किती, हे जुन्या कागदांवरून ठरवावे लागते. वकिलाची खरी गरज तिथे असते. नाशिकच्या दिवाणी न्यायालयात मृत्युपत्रांवरून चाललेले जे दावे मी पाहिले, त्यांत भाषा चुकली म्हणून अडलेले थोडे आणि देणाऱ्याचे नव्हतेच ते दिले म्हणून अडलेले पुष्कळ होते. निवडक पत्रांना पुढे उत्तरे देते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ७१ असून निफाड तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. त्यांपैकी चार एकर मला १९८८ साली वडिलांच्या हयातीत आम्हा भावांची वाटणी झाली तेव्हा मिळाली. ही जमीन आजोबांची. ते १९५१ साली वारले. उरलेली दोन एकर मी १९९६ मध्ये खरेदी केली. मी त्या वेळी साखर कारखान्यात नोकरीला होतो. पत्नी हयात आहे. थोरला मुलगा शेती करतो, धाकटा पुण्यात नोकरी करतो, मुलगी १९९२ मध्ये लग्न होऊन सिन्नरला गेली. मुलगी म्हणते, "मला काही नको." सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर असल्याने सर्व जमीन थोरल्याला देणारे मृत्युपत्र करावे असे मनात आहे. ते टिकेल काय?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता दिली आहे, ती म्हणजे आजोबांच्या निधनाचे साल. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. त्याआधी वारलेल्या आजोबांची जमीन आपल्या वडिलांकडे एकत्र कुटुंबाची म्हणून आली आणि १९८८ च्या वाटणीत आपल्याला मिळालेला हिस्सा आपल्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जितच राहिला. आजोबा १९५६ नंतर वारले असते, जमीन त्यांची स्वतःची असती आणि ती वडिलांना केवळ वारसाने मिळाली असती, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरली असती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ आणि १९८७ च्या निकालांत हे स्पष्ट केले आहे. "आजोबांची ती वडिलोपार्जित" हे गावोगावी ऐकू येणारे सूत्र म्हणूनच दर वेळी बरोबर निघत नाही. यासाठी जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरील नावे बदलल्याच्या महसुली नोंदी, काढावे लागतात आणि वकिलाने पहिल्या भेटीतच ते मागितले नाहीत, तर आपण दुसरा वकील पाहावा.

सातबारा एकट्याच्या नावावर आहे यावर आपण फार विसंबू नये. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. कर्ता, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणारा, म्हणून आपले नाव लागले, एवढ्यावरून इतरांचे हिस्से नाहीसे होत नाहीत.

आता हिशेब पाहू. चार एकर म्हणजे १६० गुंठे. आज वाटणी झाली असे धरले तर आपण, पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच हिस्से पडतात व प्रत्येकास ३२ गुंठे येतात. पत्नी जन्माने सहहिस्सेदार नसली तरी पती आणि मुलांत वाटणी होताना तिला मुलाइतका हिस्सा मिळतो, आणि असा काल्पनिक वाटणीचा हिशेब करताना तिचा हिस्सा वगळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितले. मुलीचे लग्न १९९२ मध्ये झाले म्हणून तिचा हक्क गेला, असे आपल्याला कोणी सांगितले असल्यास तो समज सोडून द्यावा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेली दुरुस्ती अविवाहित मुलींपुरती होती, परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणे जन्मानेच सहहिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील हयात होते की नाही यावर तिचा हक्क अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरवले. म्हणजे या चार एकरांपैकी मृत्युपत्राने आपल्याला देता येतील ते आपले ३२ गुंठे. तेवढे थोरल्याला देण्याचा अधिकार हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० ने आपल्याला निश्चित आहे. उरलेल्या १२८ गुंठ्यांविषयी मृत्युपत्रात काहीही लिहिले तरी तो केवळ कागद राहील.

दोन एकरांचा प्रश्न निराळा असून मला तोच अधिक नाजूक वाटतो. खरेदीखत आपल्या नावावर आहे, परंतु त्या वेळी कुटुंबाकडे उत्पन्न देणारी चार एकर बाग होती. खरेदीचा पैसा बागेच्या उत्पन्नातून आला असे धाकट्याने उद्या दाखवून दिले, तर ही दोन एकरही एकत्र कुटुंबाची ठरवण्याचा दावा उभा राहू शकतो. उलट तो पैसा पगारातून आणि भविष्य निर्वाह निधीच्या उचलीतून आला असेल, तर जमीन स्वकष्टार्जित असून ती कोणालाही देण्यास आपण मोकळे आहात. कारखान्याच्या पगाराच्या पावत्या, निधीच्या उचलीचा कागद, बँकेचे पासबुक, जे काही शिल्लक असेल ते आजच शोधावे. तीस वर्षांपूर्वीचे पासबुक घरात कुठे आहे हे आपल्याला सांगता येईल. आपल्या पश्चात थोरल्याला ते सापडणार नाही. हे पुरावे कोणते आहेत याचा उल्लेख मृत्युपत्रात करून त्यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात.

मुलगी "मला नको" म्हणते, हे तिच्या मनाचे मोठेपण झाले. तोंडी बोलण्याने हक्क सुटत नाही. तिची खरोखर तशी इच्छा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागेल. जवळच्या नात्यांत वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्रास मुद्रांक ५०० रुपयांचा लागतो, त्यामुळे खर्चाची सबब पुढे येऊ नये. मात्र तिला एकटीला, स्वतःच्या वकिलाकडून, आपण किती गुंठे सोडत आहोत हे समजू द्यावे. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीला दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन सही घेण्याचा प्रकार आपल्याकडे अजूनही चालतो आणि त्यातूनच पुढे फसवणुकीचे दावे जन्माला येतात.

माझा सल्ला विचाराल तर आपल्या बाबतीत मृत्युपत्र हे दुसरे काम आहे. पहिले काम हयातीतील वाटणीचे. सर्वांना एकत्र बसवून नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते, किंवा सर्वांची संमती असल्यास महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. थोरल्याने बाग राखली, औषधे मारली, गारपिटीची वर्षे सोसली, हे इतरांना मान्य असेल तर ते आपला हिस्सा कमी घेतीलही. तसे कागदावर येऊ द्यावे. वाटणीत केवळ गुंठे लिहून भागत नाही. विहिरीतील हिस्सा, पाण्याच्या पाळ्या, वीजपंपाची जोडणी कोणाच्या नावे राहील, मळ्यात जाणारा रस्ता कोणाच्या बांधावरून जाईल आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा कोण फेडील, या पाच गोष्टी न लिहिल्याने चांगल्या वाटण्या मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. कोणाच्या वाट्याचा तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान होत नाही ना, हेही तुकडेबंदी कायद्यामुळे तपासावे लागेल. वाटणी झाल्यावर आपल्या वाट्याचे ३२ गुंठे आणि खरेदीची दोन एकर यांचे मृत्युपत्र करावे, आणि त्याच दिवशी आपल्या पत्नीनेही तिच्या वाट्याचे करावे.

प्रश्न : इंदिरानगरमधील आमचा फ्लॅट माझ्या व पत्नीच्या नावे आहे. सोसायटीत धाकट्या मुलीला, मुदतठेवींना थोरल्या मुलीला आणि विमा पॉलिसीला पत्नीला नॉमिनी केले आहे. सगळीकडे नॉमिनी असताना मृत्युपत्राची गरज उरते काय?

उत्तर : उरते, आणि आपल्या बाबतीत ती अधिकच आहे, कारण आपण नॉमिनी नेमताना वाटणी करत आहोत असे समजून चालला आहात. नॉमिनी म्हणजे पैसा किंवा शेअर सर्टिफिकेट ज्याच्या हाती द्यायचे ती व्यक्ती. ते कोणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, तेही खरा हक्कदार सभासद होईपर्यंत. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. बँक खात्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचे टक्केही लिहिता येतात. परंतु ते टक्के बँकेने पैसे कोणाला द्यावेत यासाठी आहेत, वारसांमधील हिशेब त्याने मिटत नाही. विमा पॉलिसीचा अपवाद मात्र लक्षात ठेवावा. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणास नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते. आपल्या पत्नीला पॉलिसीचा पैसा बहुधा निर्वेध मिळेल. मुलींच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.

फ्लॅट दोघांच्या नावे असल्याने आपल्या मृत्युपत्राने आपला हिस्साच जाईल, पत्नीचा नाही. मृत्युपत्र न केल्यास आपला हिस्सा पत्नी, दोन्ही मुली आणि आपल्या आई हयात असतील तर त्या, अशा चौघींत सारखा वाटला जाईल. आईचे नाव ऐकून माझ्यासमोर बसलेले निम्मे लोक दचकतात. मृत मुलाची आई ही पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणाऱ्यांपैकी, वारस आहे, वडील मात्र नाहीत. नव्वदीच्या आईचा हिस्सा तिच्या पश्चात तिच्या इतर मुलांकडे जाऊ लागतो, तेव्हा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये धुळ्याचे काका आणि मालेगावची आत्या हिस्सेदार म्हणून येऊन उभे राहतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून पंचवटीत माझ्या पगारातून घेतलेल्या घरात राहते. पती वारले, मूलबाळ नाही. माझी भाची माझे सर्व पाहते. माझ्यामागे घर तिलाच मिळेल ना? दिरांशी वीस वर्षे संबंध नाही.

उत्तर : मृत्युपत्र न केल्यास मिळणार नाही, घर दिरांकडे जाईल. हिंदू स्त्री मृत्युपत्राविना वारली आणि तिला पती किंवा अपत्ये नसली, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार तिची मिळकत पतीच्या वारसांकडे जाते आणि तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्या नंतर येतात. घर आपल्या पगारातून घेतले असले तरी यात फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका विधवेच्या स्वकष्टार्जित मिळकतीबाबत नाइलाजाने असाच निकाल दिला. आई-वडिलांकडून वारसाने मिळालेले काही असेल तेवढे वडिलांच्या वारसांकडे परत जाते. हा नियम मला अन्यायकारक वाटतो, परंतु तो बदलेपर्यंत थांबण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या घराच्या आपण पूर्ण मालक आहात आणि ते भाचीला देणारे मृत्युपत्र या आठवड्यात होऊ शकते. दिरांना का देत नाही याचे एक वाक्य त्यात अवश्य असावे, दोन नकोत. राग ओतलेले मृत्युपत्र न्यायालयात वाचले जाते तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीवर शंका घ्यायला समोरच्या वकिलाला आयते साधन मिळते.

प्रश्न : जुन्या नाशकात माझे दुकान आहे. मी सुन्नी मुस्लिम असून पत्नी व तीन मुली आहेत. मुलींच्या नावे मृत्युपत्र करता येईल काय?

उत्तर : वरील उत्तरे हिंदू वारसा कायद्यावर आधारलेली असल्याने आपल्याला लागू नाहीत. आपल्याला मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येते आणि तेही वारस नसलेल्यास. वारसास दिलेले इतर वारसांनी आपल्या पश्चात संमती दिली तरच चालते. मृत्युपत्र नसता तिन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश, पत्नीला एक अष्टमांश आणि उरलेला भाग आपल्या भावाला, असा साधारण हिशेब होईल. दुकान मुलींकडेच राहावे अशी इच्छा असल्यास हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करण्याचा मार्ग आहे, परंतु त्यात ताबा खरोखर द्यावा लागतो. गल्ल्यावर आपणच बसून राहिलात तर हिबा कागदावर राहील.

प्रश्न : वय ८२, गंगापूर रोडला स्वतः बांधलेला बंगला आहे. मुलगा म्हणतो, "मृत्युपत्रावर भांडणे होतात, २०० रुपयांत बक्षीसपत्र होते, ते करा." त्याच्या ओळखीच्या वकिलाकडे तो स्वतः नेणार आहे. मुलगी नागपूरला असते. मी काय करावे?

उत्तर : २०० रुपयांची गोष्ट खरी आहे, राहते घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक तेवढाच लागतो, स्थानिक अधिभार वेगळा. परंतु मृत्युपत्र आपण मरेपर्यंत कितीही वेळा बदलू शकता, आणि नोंदणी व स्वीकार झालेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून परत घेता येत नाही. ८२ व्या वर्षी राहते घर हातचे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही करायचेच असेल तर आपण व पत्नी यांना तहहयात राहण्याचा हक्क आणि मुलाने सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच शब्दांत लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करण्यासाठी जाता येते, परंतु अट लिहिलेलीच नसेल तर ती होती हे सिद्ध करताना दमछाक होते.

मृत्युपत्र करायचे ठरवल्यास मुलाच्या वकिलाकडे जाऊ नये आणि मुलाला बरोबर बसवू नये. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते आणि तो संशय दूर करण्याचा भार त्याच्यावरच येतो, असे सर्वोच्च न्यायालय १९५९ पासून सांगत आले आहे. मुलाने आपल्याला रिक्षातून कार्यालयापर्यंत आणावे आणि बाहेर चहा घेत थांबावे. त्यातच त्याचे हित आहे.

सही आपण दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. मजकुरात काय आहे हे त्यांना कळण्याची गरज नसते. हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रात लाभार्थी साक्षीदार झाला म्हणून त्याचा लाभ आपोआप रद्द होत नाही, तरी तसे करू नये. साक्षीदार आपल्यापेक्षा बरेच तरुण आणि नाशकातच राहणारे असावेत, कारण वाद झाल्यास किमान एकाला न्यायालयात उभे राहून साक्ष द्यावी लागते. सकाळी फिरायला सोबत असणारे समवयस्क मित्र साक्षीदार म्हणून घेतात, आणि गरज पडते तेव्हा दोघांपैकी कोणीच हयात नसतो. आपल्याला नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांचे त्याच दिवसाचे, आपण सर्व समजून बोलत आहात असे प्रमाणपत्र जोडावे. ते डॉक्टरच एक साक्षीदार झाले तर उत्तम.

नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, नाशिकच्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे, हेही सक्तीचे नाही. आपल्या वयात मात्र मी नोंदणीचा आग्रह धरीन. तिचे शुल्क १०० रुपये आहे आणि तब्येतीमुळे जाता येत नसेल तर योग्य कारण दाखवून दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची तरतूद आहे. आपण हयात असेपर्यंत नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल आपल्याशिवाय कोणालाही मिळत नाही, त्यामुळे मुलगा किंवा मुलगी आधीच ते पाहील ही भीती बाळगू नये. नोंदणीही नको असल्यास मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ते ठेवता येते. मूळ प्रत केवळ आपल्या नावे असलेल्या बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नये. आपल्या पश्चात लॉकर कोणी उघडावा हे मृत्युपत्रात लिहिलेले असते आणि बँक मृत्युपत्र दाखवल्याशिवाय लॉकर उघडत नाही, असा पेच एका कुटुंबाला आठ महिने सोडवता आला नव्हता.